भरतीची तिथी आणि खंड्या

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर कुत्र्याला फिरायला न्यायची वेळ पंचांगातून काढावी लागते. त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जितके येतील तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी पुळणीच्या माथ्यापर्यंत चढलेलं असतं आणि ओहोटी येते ती ऐन बाराच्या उन्हात. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब सव्वाअकरावर जातो; मग पहाटे पाच-सव्वापाचला समुद्र पार मागे सरकलेला असतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच सुमाराला. भरती रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, पाऊणपटीत ती पंचेचाळीस धरली आहेत, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं. पण किनाऱ्यावरच्या माणसाला तेवढं पुरतं. ओहोटीने मागे ठेवलेली ओली, घट्ट वाळू हीच कुत्र्याच्या चालण्याची खरी जागा. वरच्या भुसभुशीत वाळूत त्याचे पाय रुततात, उन्हात पंजे पोळतात. ओल्या वाळूवर मात्र तो मैल-दीड मैल न थकता पळतो.

छत्रपती संभाजीनगरच्या घरात तिथी लागते ती चतुर्थीच्या नाहीतर एकादशीच्या उपासाला. कुत्र्याच्या फेरीची वेळ तिथे ऊन ठरवतं. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, पाऊस वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर, आणि पाणी नळाला कधी येईल याची घरोघर वाट पाहिली जाते. पहाटे विद्यापीठाच्या आवारात, सोनेरी महालाच्या वाटेवर, गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याला कुत्री फिरवणारी माणसं दिसतात. आठ वाजले की सगळी घरी. मराठवाड्याला स्वतःचा सागर आहे तो पैठणचा. जायकवाडी धरणामागचा नाथसागर इतका पसरलेला आहे की पलीकडचा काठ धूसर होतो. पण त्या पाण्याला भरती नाही. ते पावसाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्यात आटतं. एका दिवसात दोनदा काठ बदलणारं पाणी मराठवाड्याच्या कुत्र्याने पाहिलेलं नसतं.

आमचा खंड्या त्यातलाच. त्याचं मूळ लातूर जिल्ह्यातलं, कारवानी जातीचं. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांबट तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, अंगावर आखूड केस. सशामागे मोकळ्या रानात पळण्यासाठीच घडवल्यासारखं शरीर. शेपटी-कानांवर रेशमी झालर असलेल्यांना पश्मी म्हणतात. आमच्या कुत्र्याचं नाव खंडोबावरून ठेवलेलं. शहराला लागून असलेल्या साताऱ्यात खंडोबाचं जुनं देऊळ आहे आणि या देवासोबत घोडा असतो तसा कुत्राही असतो. त्याला वाहिलेले भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात, म्हणजे देवाचा कुत्रा. दत्ताच्या पायाशी तर चार कुत्री, आणि ते चार वेद मानले जातात. कुत्र्याला देवाच्या इतक्या जवळ बसवणाऱ्या मुलखात प्रत्यक्षातला कुत्रा बहुधा दाराबाहेर असतो. शेतातल्या आखाड्यावर राखणीला राहतो, ज्वारीची भाकर दुधात नाहीतर ताकात कुस्करून खातो आणि रात्रभर भुंकतो. त्याला बाहेर ठेवण्यात तुसडेपणा नसतो. तिथल्या जगण्यात कुत्र्याला नेमून दिलेलं काम असतं आणि त्या कामाचा मान असतो.

दिवाळीनंतर शहर सोडलं की नगरपर्यंत दोन्ही अंगांना तीच उघडी जमीन, कपाशी, तूर, उसाचे तुकडे. पुण्याच्या पुढे मुळशीचं पाणी मागे पडतं आणि ताम्हिणी घाट सुरू होतो. माणसाला कोकण आल्याचं कळतं ते लाल मातीने. कुत्र्याला ते फार आधी कळतं. घाटाच्या माथ्यावर खंड्याने खिडकीच्या फटीला नाक लावलं आणि माणगावपर्यंत ते तिथून हललं नाही. दमट हवेत वास जास्त वेळ टिकतो. कोरड्या पठारावर वाढलेल्या नाकाला एकदम इतका मजकूर मिळाला की तो भुंकायचंही विसरला. आंबेतला सावित्री ओलांडून मंडणगडच्या चढाला लागलं की घरं बदलतात. दगडमातीच्या धाब्यांऐवजी जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं, दाराशी माड. दापोलीला अजूनही कितीतरी जण कॅम्प म्हणतात, ती इंग्रजी लष्करी छावणीची आठवण. तिथून रस्ता खाली उतरतो आणि आसूदच्या पोफळींच्या सावलीतून मुरूडला पोचतो.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १८५८ साली जन्मलेल्या आणि शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न झालेल्या या माणसाने तरुणपणी परीक्षेसाठी इथून घाट चढून सातारा शहरापर्यंत पायपीट केली होती. पाय हेच वाहन असलेल्या काळातलं हे गाव अजूनही चालायला उत्तम आहे. लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यामागे घर, घरामागे आगर आणि आगराच्या शेवटी समुद्र. आगरात माड, पोफळी, जायफळ, अधूनमधून रातांबा; त्यांच्या मुळाशी पाटाने पाणी फिरतं. घराला आधी खळं, मग पडवी, मग ओटी, आत माजघर. संभाजीनगरच्या जुन्या वाड्यांत दरवाजा भक्कम आणि अंगण आत लपलेलं असतं. इथे अंगण पुढे असतं आणि दाराच्या जागी बांबूंचं बेडं. ते गुरांना अडवतं. माणसाला आणि कुत्र्याला अडवायचा त्याचा विचार नसतो.

वागण्याची रीतही वेगळी. मराठवाड्यात अनोळखी माणूस दारात आला की आधी पाणी, मग चहा, मग चौकशी. इथे चौकशी आधी होते आणि तीही ओटीवर बसल्या बसल्या, आवाज न चढवता. कुठून आलात, कुणाकडे उतरलात, किती दिवस. उत्तरं पटली की आतून गूळ-पाणी येतं किंवा कोकम सरबत. खंड्याचं नाव ऐकून शेजारच्या आजींना नवल वाटलं. खंड्या म्हणजे त्यांच्या लेखी खाडीवर तारेवर बसणारा, सूर मारून मासा उचलणारा निळा पक्षी. "हा मासे पकडतो की काय?" त्यांनी विचारलं आणि मग त्या त्याला रोज हाक मारू लागल्या. कुत्र्याबरोबर राहणाऱ्याला गावात ओळख करून घ्यावी लागत नाही. नाव आधी कुत्र्याचं कळतं, माणसाचं महिन्याने.

त्याच आजींच्या घरातल्या काकांनी पहिल्या संध्याकाळी बेड्यापाशी येऊन सांगितलं, "रात्री बाहेर नका ठेवू हो त्याला. मागच्या वर्षी आमची दोन नेली वाघानं." बिबट्याला इथे वाघच म्हणतात. डोंगर समुद्राच्या इतके जवळ आहेत की त्याला आगरात यायला एक रात्र पुरते. बिबट्या कुत्रा नेतो हे घाटावरच्या माणसाला ऐकून माहीत असतं; विद्या अत्रेय यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा वजनाने ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला होता. म्हणून मराठवाड्यातल्या आखाड्यावर रात्री मोकळा सोडायचा तो कुत्रा कोकणात दिवेलागणीला आत घ्यायचा. खंड्याला हे उलटं वेळापत्रक पचायला आठवडा लागला. राखण करण्याची वेळ आली की दार लागतं हे त्याला कळेना. दारामागे उभा राहून तो कान टवकारायचा, मग सुस्कारा टाकून ओटीच्या कोपऱ्यात अंगाचं वेटोळं करायचा.

समुद्राशी कुत्र्याची पहिली भेट शांतपणे होऊ द्यावी. त्याला उचलून पाण्यात नेणं, लाटेत ढकलणं हा खेळ माणसाला वाटतो. कुत्र्याच्या मनात त्याची कायमची धास्ती बसते. खंड्या पहिल्या दिवशी पाण्यापासून वीस पावलांवर थांबला. लाट पुढे आली की तो मागे सरायचा, मागे गेली की पुढे व्हायचा. दहा मिनिटांनी त्याने ओल्या वाळूचा वास घेतला, फेसाला जीभ लावली आणि तोंड वेडंवाकडं करून शिंकला. खारं पाणी ही किनाऱ्यावरच्या कुत्र्याची पहिली शिकवणी. खेळताना पोटात गेलेल्या पाण्याने उलटी होते, जुलाब लागतात, अंगातलं पाणी उलट आणखी कमी होतं; म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी सोबत हवी आणि दर थोड्या वेळाने ते पाजायला हवं. घरी आलं की विहिरीच्या पाण्याने अंग, विशेषतः पंजांच्या बोटांमधली जागा आणि कान धुवावेत. मीठ आणि वाळू तशीच राहिली तर कुत्रा ती चाटत बसतो आणि चामडी सोलवटते. पाण्याच्या बादलीचा हिशेब ठेवणाऱ्या शहरातून आलेल्याला कुत्र्यावर दोन बादल्या ओतताना पहिल्यांदा हात आखडतो. आगरातल्या विहिरीवर मात्र ते पाणी पाटाने माडाच्या मुळाशीच जातं.

किनाऱ्यावर कुत्र्याला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतो तो खेकडा. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्या दिसू लागतात, मोहरीहून थोड्या मोठ्या, बिळाभोवती फुलासारख्या मांडलेल्या. इवलासा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं टिपतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. कुत्र्याचं पाऊल चार हातांवर पडलं की सगळे एकदम आत. खंड्या त्या बिळाशी नाक नेऊन श्वास रोखून थांबायचा. नाकाच्या फुंकरीने दोन-तीन गोळ्या हलायच्या. मग पुढचे दोन पाय लावून तो असा खणायचा की मागे वाळूचा फवारा उडावा. हातभर खड्डा झाला की त्यात तळातून पाणी भरायचं आणि खेकडा कुठेच नसायचा. तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच उमेदीने पुढच्या बिळाशी. मोठी कुर्ली मात्र खोदून निघाली की पळत नाही, डेंगा उगारते. नाकावर एकदा चिमटा बसला की कुत्रा तिला पुन्हा विसरत नाही.

मुरूडहून उत्तरेला काही मैलांवर हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर बंदर आणि बंदरावर मासळीचा लिलाव. होड्या काठापासून दूर नांगरतात, बैलगाड्या बैलांच्या पोटापर्यंतच्या पाण्यात जाऊन माल आणतात आणि वाळूवरच ढीग लागतात. बोली लावणाऱ्यांत बायका पुढे. शहरातल्या अडत बाजारातली ओरड इथेही आहे, पण इथे बोली संपते तेव्हा घासाघीसही संपते. या गर्दीत पाहुण्याच्या कुत्र्याचं काम नाही. बंदरावरची स्वतःची गावठी कुत्री आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत आणि कोणाच्या होडीपाशी कोणतं कुत्रं बसणार हेही ठरलेलं आहे. साखळी आखूड धरून, ढिगांपासून लांब, गाव उठण्याच्या वेळी बंदराच्या कडेने निघून जावं हेच बरं.

मासळी हा कोकणातल्या कुत्र्याचा रोजचा आहार. बांगड्याचं डोकं, तारली, मांदेलीचा चुरा पाण्यात उकळायचा, काटे काढायचे आणि ते पाणी जाड्या तांदळाच्या भातावर नाहीतर पेजेवर ओतायचं. भाकरीवर वाढलेल्या पोटाला हा बदल हळूहळू करावा. आम्ही पहिले पंधरा दिवस पाव भाग भात आणि बाकी घरून आणलेल्या पिठाची भाकर दिली. कालवणातलं काही देऊ नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतात. जाळ्यातून काढून किनाऱ्यावर टाकून दिलेल्या माशांवर सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं. त्यांतला केंड हा फुग्यासारखा फुगणारा मासा विषारी असतो आणि त्याचं विष शिजवूनही जात नाही. वाळूत पडलेला मासा कुत्र्याच्या तोंडात गेला की तो सोडवून घेण्याची सवय घरीच, भाकरीच्या तुकड्यावर लावलेली असावी.

थंडीतला किनारा कुत्र्याच्या एकट्याचा नसतो. कुरव पक्ष्यांचे थवे उत्तरेकडून येऊन पाण्याच्या कडेला बसतात, चिखले ओल्या वाळूत चोच टोचत धावत असतात. थव्यात घुसून सगळे पक्षी उडवणं ही कारवानी कुत्र्याच्या रक्तातलीच हौस आहे. पण हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला ओहोटीचे ते तास खाण्यासाठी लागतात, आणि दर अर्ध्या तासाने उडवलेला पक्षी भरल्या पोटाने परतीला निघत नाही. खंड्याची लांब दोरी थवे दिसले की आखूड व्हायची. त्याला ते आवडलं नाही, कधीच आवडलं नाही. तरी तो थरथरत बसून राहायला शिकला, आणि वर्षभरात त्याने शिकलेल्या गोष्टींत मला हीच सगळ्यात मोठी वाटते.

याहून मोठी मर्यादा वेळासला. हर्णैहून आंजर्ले, केळशी करत उत्तरेला गेलं की बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे हे गाव येतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची पाहणी करत असताना त्यांना इथे ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी आढळली, आणि त्यातून गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचं काम उभं राहिलं. मादी हिवाळ्यात रात्रीच्या भरतीला वर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून परत जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर येतात. या काळात अंड्यांच्या जिवावर उठतात ते कोल्हे आणि कुत्री. वाळूखालची अंडी माणसाला दिसत नाहीत, कुत्र्याच्या नाकाला ती लगेच सापडतात. म्हणून कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात आणि अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, तितक्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरतात. फाल्गुनात तिथे कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातल्या घरांत राहतात, उकडीचे मोदक आणि आंबोळ्या खातात आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. त्या वाळूवर कुत्र्याला नेऊच नये. आम्ही तिथे होतो ते दोन दिवस खंड्या उतरलेल्या घराच्या पडवीत बांधून होता. घरधनिणींनी त्याला पेज दिली आणि त्या म्हणाल्या, "तुमचा गुणी आहे, पण वाळूला काय माहीत तुमचा कुठला न आमचा कुठला." त्या स्वतःची दोन कुत्रीसुद्धा त्या महिन्यांत रात्री बांधत होत्या.

फाल्गुनातच शिमगा. पालखी घरोघर येते, ढोल वाजतात, फाका घातल्या जातात, होळीचा जाळ माडाच्या उंचीला जातो. मराठवाड्यात होळी एका रात्रीची. इथे गावदेवीचा मुक्काम कितीतरी दिवस चालतो आणि मुंबईला गेलेला प्रत्येक जण तेवढ्यासाठी घरी येतो. कुत्र्यांसाठी मात्र हे दिवस कठीण. पालखी आळीत शिरण्यापूर्वी त्याला माजघरात घेऊन कोणीतरी जवळ बसावं.

उन्हाळ्यात घाटावरच्या माणसाची एक समजूत मोडते. संभाजीनगरला मे महिन्यात पारा चाळिशीवर असतो, मुरूडला तो तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही. साहजिकच कुत्र्याला इथे आराम वाटेल असं वाटतं. प्रत्यक्षात धाप इथे जास्त लागते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा वाफ होऊन उडाला की अंग थंड, ही त्याची रीत. कोरड्या हवेत ती वाफ भराभर उडते. समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे वाफ उडायला जागाच कमी. चौतीस अंशांच्या मुरूडमध्ये दुपारी पळवलेला कुत्रा चाळीस अंशांच्या सावलीत निजलेल्या कुत्र्यापेक्षा लवकर कोसळू शकतो. डोळे लाल, लाळ चिकट, पाय लटपटत असतील तर सावलीत आणून पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने ओले करावेत, वारा घालावा आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. वाळूचं साधं माप आहे: तळहाताची मागची बाजू वाळूवर टेकवायची, पाच मोजेपर्यंत ठेववली नाही तर कुत्र्याला तिच्यावर नेऊ नये. अष्टमी-नवमीच्या सुमाराला उन्हाळ्यात ओहोटी दुपारची असते, म्हणून त्या चार दिवसांत पुळणीवर जायचंच नाही. मग फेरी पाखाडीने, आगराच्या सावलीतून. तिथेही एक पथ्य आहे. नारळ पाडायला माणूस माडावर चढला असेल तर कुत्रा दोन माड पलीकडे.

आंब्याच्या दिवसांत गावातल्या कुत्र्यांना पुन्हा नोकरी लागते. हापूस धरला की वानरांच्या टोळ्या आमराईत उतरतात. खातात कमी, तोडून टाकतात जास्त. राखण्याबरोबर एक-दोन कुत्री असतात, ती झाडाखाली धावतात, वानरं फांद्यांवरून त्यांना दात दाखवतात. आमच्या शेजारच्या काकांनी खंड्याला तीन दिवस सोबत नेलं. सशासाठी घडलेला कुत्रा वर बघून भुंकायला शिकला. दुपारी राखणीच्या खोपीत दोघंही झोपत, काका पंचावर आणि खंड्या त्यांच्या पायाशी. मराठवाड्यातल्या आखाड्यावरचं चित्र पुन्हा जुळलं होतं, फक्त ज्वारीच्या जागी आंबा होता.

मे सरत आला की आगोट. तांदूळ, डाळी, सुकी मासळी, मिरच्या, लाकूडफाटा सगळं पावसाआधी घरात. घराच्या वाऱ्याकडच्या बाजूला झाप बांधले जातात. होड्या वर ओढून झाकतात. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते; माशांच्या विणीचा तो काळ आणि समुद्रही खवळलेला. मिरग लागला की दापोलीच्या बाजूला पडतो तो पाऊस मराठवाड्याच्या माणसाला भिववतो. वर्षाकाठी तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, म्हणजे आमच्या पाच वर्षांचा पाऊस एका पावसाळ्यात. संभाजीनगरला पहिली सर आली की माणसं गच्चीवर जातात, कुत्रा अंगणात गोल गोल पळतो. इथे खंड्या पाचव्या दिवशी पडवीच्या कडेला उभा राहून पागोळ्यांकडे बघत राहिला आणि पाय बाहेर टाकेना.

या काळात पुळण सुंदर आणि धोक्याची. लाटा वाळू खेचून नेतात, ओळखीचा उतार कडा होतो, आणि वाहून काय येईल याचा नेम नसतो. निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात. ते मेल्यावरही त्यांचे दोरे डंख करतात आणि कुत्रा आधी नाकच लावतो. डांबराचे गोळे येतात, पंजांच्या केसांत घट्ट बसतात. ते खोबरेल चोळून सोडवावेत, रॉकेल कधी लावू नये. अंगणात गोचीड वाढतात. रोज संध्याकाळी कानांच्या घड्या, बोटांमधली बेचकी, शेपटीखालची जागा बोटांनी चाचपावी लागते, कारण गोचिडांबरोबर येणारा ताप कुत्र्याला आठवडाभरात खिळवतो. भातखाचरातल्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. लावणीला उतरणाऱ्या माणसांना तो होतो तसा कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्यापासून घरात येऊ शकतो. त्याची लस पावसाआधीच टोचून घ्यायची. कातळाच्या आणि गडग्याच्या आसऱ्याला फुरसं असतं. वीतभर-दोन वीत लांबीचा, मातीच्या रंगाचा हा साप अंगाचे खवले घासून खरखर आवाज करतो. कुत्र्याला तो आवाज खेळकर वाटतो. खंड्याने एकदा गडग्याकडे मान तिरकी केली तेव्हा शेजारच्या आजींनी ओटीवरून अशी आरोळी ठोकली की कुत्रा जागीच बसला. आवाज त्यांनी आमच्या आधी ऐकला होता.

पावसाने उघडीप दिली की सड्यावर जावं. गावामागचा चढ चढला की कातळाचं मोकळं पठार लागतं, उन्हाळ्यात काळंठिक्कर, श्रावणात बोटभर मातीवर फुललेलं. निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, मधूनच पाण्याची लहान डबकी. खाली समुद्र मातकट, वर ढग हाताला लागतील असे. हे पठार पाहून खंड्या प्रथमच घरी असल्यासारखा पळाला. उघडी जमीन, दूरवर दिसणारं क्षितिज. त्याच्या शरीराला जे माहीत होतं ते सगळं इथे होतं. फुलांच्या पट्ट्यांतून नेऊ नये म्हणून कातळाची उघडी कड धरून आम्ही फिरत होतो.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात समुद्राला नारळ वाहतात आणि होड्यांची डागडुजी संपते. बंदी उठलेली असते, वारं पडायला लागतं, हर्णैला पुन्हा ढीग लागतात. कुत्र्याच्या ताटात ताजं मासळीचं पाणी परत येतं. गणपतीला पुन्हा सगळं गाव मुंबईहून उतरतं. पडव्या मुलांनी भरतात आणि वर्षभर चार माणसांत राहिलेल्या कुत्र्याला चाळीस हात कुरवाळतात. प्रसादाचा मोदक त्याला कोणी देऊ नये अशी पाटी लावावी लागली नाही. आजींनीच मुलांना दम भरला होता आणि साधी पेज कुत्र्यासाठी वेगळी काढून ठेवली होती.

आश्विनात भात पिवळं पडतं आणि कापणी सुरू होते. खळं शेणाने सारवून, चोपून तयार होतं, त्यात भाताच्या पेंढ्या झोडपल्या जातात. मराठवाड्यातलं ज्वारीचं खळं माघ-फाल्गुनात कोरड्या वाऱ्यावर उफणतात, इथे पाठीवर परतीच्या पावसाची भीती असते, म्हणून घाई असते. कुत्र्याला पेंढ्याचा ढीग ही वर्षातली सगळ्यात चांगली गादी. आणि याच दिवसांत समुद्र नेलेली वाळू परत आणून घालतो. रोज थोडी थोडी. जूनमध्ये उघडे पडलेले खडक झाकले जातात, कडा पुन्हा उतार होतो, पुळण रुंद आणि सपाट होते.

कोजागरीची तिथी पंधरा. पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटीचा तळ पहाटे पाचच्या सुमाराला. त्या पहाटे काका कंदील घेऊन आमच्याबरोबर आले, खंड्या आखूड साखळीवर. चंद्र पश्चिमेला समुद्रावर उतरत होता, पाणी इतकं मागे गेलं होतं की लाटांचा आवाज लांबून यावा. ओल्या वाळूवर खेकड्यांच्या गोळ्या चांदण्यात दिसत होत्या. खंड्या पहिल्या बिळाशी थांबला, नाक खाली नेलं, आणि खणायला लागला.